ओल्या कापडाखालचा चेहरा

आमच्या मराठी मंडळातल्या एक डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, "काका, तुम्ही त्या शिल्पकाराला जवळून ओळखता. त्याच्यावर चार पानं लिहून द्या ना." मी म्हटलं, "बाई, मी सातवी शिकलेला माणूस. इकडं इंग्लंडात कॉव्हेंट्रीत आलो तो डेपोत बस धुवायला, आणि बस धुता धुताच पेन्शनीत निघालो. मी काय लिहिणार?" त्या म्हणाल्या, "बोलता तसं लिहा." मग जरा थांबून विचारलं, "पण जॉर्जियन शिल्पकार म्हणजे जुन्या जॉर्ज राजांच्या काळातला ना? ती जॉर्जियन घरं असतात तसा?"

"मग तो दोनशे वर्षांचा असायला पाहिजे," मी म्हटलं. "काल तर माझ्याकडं चहा पिऊन गेला."

जॉर्जिया हा देश आहे, रशियाच्या खाली, डोंगरातला. मलाही आधी माहीत नव्हतं. माझी बायको तर बरेच दिवस त्याला अमेरिकन समजत होती, आणि अमेरिकन माणूस एवढा गरीब कसा म्हणून तिला त्याची कीव यायची.

मी लिहितोय ते काही त्याच्या कौतुकासाठी नाही, हे आधीच सांगून टाकतो. बायको जाऊन वर्ष उलटलं. तिचा चेहरा आता शॉपिंग सेंटरसमोरच्या चौकात बाकावर बसलाय, ब्राँझचा. तो तिथं कसा गेला आणि तो जाईपर्यंत मला कसली भीती होती, ते लिहितो. शिल्पकाराचं आयुष्य त्यात येईल तेवढं येईल.

आमच्या घरामागं एक गल्ली आहे. दोन्ही ओळींतल्या घरांची गॅरेजं त्या गल्लीत उघडतात. त्याचं गॅरेज बरोबर आमच्या किचनच्या खिडकीसमोर. त्यात गाडी नव्हती, माती होती. काळ्या प्लॅस्टिकमध्ये बांधलेले बैलाच्या वशिंडाएवढे गोळे. माणूस उंच, पुढं वाकलेला, मिशा पांढऱ्या, कोटाला कायम वाळलेली माती. नव्वद सालानंतर त्याच्या देशात आपापसांत गोळ्या चालल्या, तेव्हा तो इकडं निघून आला. एकटा.

बायको शाळेत डिनर लेडी होती, पोरांना जेवण वाढायची. रिटायर झाली तरी वाढायची सवय गेली नाही. एकटा माणूस दिसला की डबा भरल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही. एके दिवशी थालीपीठ घेऊन त्या गॅरेजच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "मामा, हे घ्या. गरम आहे." आता आपल्यात वयानं मोठ्या परक्या पुरुषाला मामा म्हणतातच. कंडक्टर मामा, पोलीस मामा. तिच्या तोंडून सहज आलं ते. पण तो माणूस थालीपीठ हातात धरून तसाच उभा राहिला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

ती घरी येऊन म्हणाली, "अहो, बिचाऱ्याला किती भूक लागली असेल बघा. रडायला लागला."

भुकेचं नव्हतं ते. पण ते पुढं कळलं, आणि कळलं तेव्हा ती नव्हती.

आमच्या किचनमध्ये बसून त्यानं स्वतःचं सगळं सांगितलं. एकदम नाही, खाता खाता. आमची दोघांची इंग्रजी मोडकी, म्हणून जमलं. चांगलं इंग्रजी बोलणाऱ्यापुढं माझं तोंड उघडत नाही. त्याचा बाप दगडाच्या खाणीत कामाला. हा राजधानीला जाऊन शिल्पकाम शिकला आणि सरकारी कामं करू लागला. तिकडं तेव्हा सरकारच गिऱ्हाईक, दुसरं कोण नाही. सरकार म्हणालं पुढारी कर, यानं पुढारी केला, हात वर केलेला, घराएवढा उंच. सरकार म्हणालं प्यायच्या पाण्याची जागा कर, यानं हरणाच्या तोंडातून पाणी काढलं. एका घाटात बस स्टॉप केला तो अख्खा माशाच्या आकाराचा. आत बसलं की माशाच्या पोटात बसल्यासारखं. हे ऐकून मला तो आवडायला लागला. बस स्टॉपचा विचार करणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होतो.

"आता कुठं आहे ते सगळं?" मी विचारलं.

"पुढाऱ्याच्या गळ्यात दोर घालून क्रेननं ओढला," तो म्हणाला. "लोक नाचले. मीही नाचलो. हरणाचं डोकं कुणीतरी कापून नेलं, धातू विकायला. मासा असेल अजून. माशावर कोण रागावणार?"

बायको हसली. तो हसला नाही. मिशीवरून हात फिरवत बसला आणि मग त्यानं टेकडीवरच्या आईचं सांगितलं.

एका गावाजवळ टेकडीवर त्यानं दगडाची आई उभी केली होती, हातात द्राक्षांची टोपली. सगळ्यात मोठं काम तेच. चेहरा दिला स्वतःच्या मुलीचा. मुलगी तेव्हा विशीतली. पुढं लढाई लागली. हिवाळ्यात शहरात वीज नव्हती, गॅस नव्हता. मुलीला न्यूमोनिया झाला आणि ती गेली. तिला पुरून हा त्या टेकडीवर गेला, निदान तिचा चेहरा बघावा म्हणून. शिपायांनी पुतळ्यावर नेमबाजी केली होती. गालात भोक, डोळ्यात भोक.

"गाव लहान होतं आणि बंदुका फार होत्या," तो म्हणाला. मग जे बोलला ते माझ्या डोक्यात बसलं ते बसलंच. "त्या दिवसापासून डोळे मिटले की मला मुलगी दिसत नाही. पुतळाच दिसतो, भोकं पडलेला. मी केलेल्या चेहऱ्यानं तिचा खरा चेहरा खाल्ला."

बायकोनं त्याच्या पुढ्यात आणखी एक थालीपीठ ठेवलं.

इंग्लंडात आल्यावर त्यानं चेहरा असा केलाच नाही. इथल्या एका शाळेच्या मैदानात दगडी कासव केलं, त्याच्यावर पोरं बसतात. कॅनॉलच्या काठी रेलिंगवर टाकलेला कोट केला, ब्राँझचा. थंडीत एक बाई तो कुणाचा तरी राहिला म्हणून उचलायला गेली होती म्हणे. कासव, कोट, पाव, टोपी. माणूस नाही. मग कौन्सिलनं, म्हणजे इथल्या नगरपालिकेनं, चौकासाठी काम काढलं. बाजार करून दमलेली बाई बाकावर बसलीय, मांडीवर पिशवी, शेजारी लोकांना बसायला मोकळी जागा. आता बाई म्हटली की तिला तोंड आलंच. त्यानं बरेच दिवस हो म्हटलं नाही. आणि एक दिवस आमच्याकडं येऊन बायकोला म्हणाला, "मला तुझा चेहरा पाहिजे."

मी म्हटलं, "कशाला?"

बायको म्हणाली, "अहो, घाबरता काय? बघायला मागतायत, कापून नाही."

"या नकटीचा पुतळा? कबुतराला बसायला नाक तरी पाहिजे ना."

"लग्न ठरवायला आलात तेव्हा काय झोपला होता? तेव्हा नाही दिसलं नाक?" मग त्याच्याकडं वळून, "मामा, मी येते. यांच्या पोटात दुखू दे."

मी हसलो खरा, पण मला ते पटलं नव्हतं. आमच्या गावात मूर्ती देवाची आणि पुतळा मेलेल्या माणसाचा. जिवंत माणसाचा पुतळा कोणी करत नाही. केला की त्याची वेळ भरत आली असं समजायचं. हे मी तिला बोललो नाही, कारण असल्या गोष्टी तोंडातून काढल्या तरी त्यांना वाट मिळते. वॉटफर्डला मुलाला फोन केला, वाटलं तो तरी आईला अडवेल. तो इथंच जन्मला, कॉम्प्युटरवर काम करतो. तो उलट खूश.

"बाबा, आईची चेहरा पब्लिकमध्ये येणार. इट्स ॲन ऑनर."

"चेहरा ती नसते. तो असतो."

"तेच म्हणतोय मी. आईची चेहरा."

मी फोन ठेवला.

आणि हिनं एक भलतंच सुरू केलं. दुपारी त्याच्याकडं बसायला निघाली की दारातून मला ओरडून सांगायची, "अहो, मी मातीला चालले." आपल्याकडं मातीला जाणं म्हणजे कुणाच्या मयताला जाणं. मी म्हणायचो, "असलं बोलू नकोस." ती म्हणायची, "मग काय म्हणू? तिथं मातीच तर आहे." मला कापरं भरतं हे बघून मुद्दाम म्हणायची. पार गल्ली ओलांडेपर्यंत तिचं हसणं ऐकू यायचं.

एकदा मी बघायला गेलो. लाकूड आणि तारांचा सांगाडा, त्याच्यावर मातीचं डोकं, खांद्यापर्यंत. ती समोर स्टुलावर बसलेली. तो एका वाकड्या चिमट्यानं तिच्या कपाळाचं माप घ्यायचा आणि तेच मातीवर धरायचा. काम झाल्यावर त्यानं बादलीत कापड बुडवलं, पिळलं आणि त्या डोक्यावर टाकलं. वरून प्लॅस्टिक गुंडाळलं.

"तोंड कशाला झाकतोस?" मी विचारलं.

"माती वाळली की तडकते. ओली ठेवली तर कितीही दिवस काम करता येतं."

"बाकीचं झाक. तोंड उघडं ठेव."

बायको स्टुलावरून उठत म्हणाली, "अहो, माझा श्वास इथं चाललाय, तिथं नाही."

मी पुन्हा गेलो नाही.

उन्हाळा लागत होता. त्या सकाळी ती बाथरूममधून आली, पलंगाच्या कडेला बसली आणि म्हणाली, "डावा हात जड झालाय हो. मामांना सांगा, आज येत नाही." ॲम्ब्युलन्स आली. हॉस्पिटलनं करायचं ते सगळं केलं. ती गेली. नर्सनं चादर वर ओढली तेव्हा चादरीतून तिचं नाक दिसत होतं, बसकं. ते मी शेवटचं बघितलं. क्रेमॅटोरियममध्ये पेटीत डोकावायचं धाडस मला झालं नाही. शिल्पकार सगळ्यांच्या मागं बसला होता. कोटाची माती घासून आला होता, पण कॉलरला राहिली होती.

मुलगा काही दिवस राहिला, मग वॉटफर्डला गेला. मी घरात एकटा. चहा करायला किचनमध्ये गेलो की खिडकीतून समोरचं गॅरेज दिसायचं. त्याच्या आत तिचं डोकं होतं, ओल्या कापडाखाली. मी दिवसासुद्धा पडदा ओढून घेऊ लागलो. गल्लीत कचऱ्याची पेटी ठेवायला जायचं तर समोरून शेजाऱ्याची गाडी आली की मगच जायचो, सोबत म्हणून.

शिल्पकार आला. खुर्चीवर बसला नाही, दारातच उभा राहिला. म्हणाला, "तू म्हणशील तसं करतो. पुरं कर म्हण, पुरं करतो. नको म्हण, तर माती परत मळून पिशवीत घालतो आणि दुसरी बाई बघतो."

मी चहाचं आधण ठेवायला वळलो. मळून टाकतो म्हणजे काय, ते मला दिसत होतं. तो दोन्ही पंजे तिच्या तोंडावर ठेवणार आणि दाबणार. ते मला सहन होणार नव्हतं. आणि पुरं कर म्हणावं तर त्यानं टेकडीवरच्या पुतळ्याचं सांगितलेलं आठवायचं. चौकात तिचा चेहरा बसला की माझ्या डोळ्यांमागचा चेहरा जाणार. माझ्याकडं तिचे फोटो आहेत, पण फोटोत ती नाहीच. कॅमेरा दिसला की ताठ व्हायची, तोंड मिटून घ्यायची, पासपोर्टच्या फोटोतल्यासारखी. ती होती ती माझ्या डोळ्यांमागं, बाकी कुठं नाही. रोज सकाळी उठायच्या आधी मी डोळे मिटून बघायचो, आहे का. असायची. एकदा भांडी धुताना तिचे कान आठवेनात. उजवा कसा, डावा कसा, काही आठवेना. हात पाण्यात तसाच राहिला. मग आठवलं, उजव्या कानाची पाळी तुटलेली, जड कुड्यांनी. पण तेवढ्या वेळात मी जो घाबरलो तसा मरणालाही घाबरत नाही.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याच्या देशात पुन्हा लढाई लागली. टीव्हीवर रणगाडे दाखवायचे, रस्त्याकडेला बसलेल्या म्हाताऱ्या दाखवायचे. तो आमच्याकडं येऊन बघायचा, त्याचा टीव्ही नीट चालत नव्हता. एकदा एक टेकडी दाखवली. तो उठून टीव्हीच्या काचेला नाक लावून उभा राहिला.

"तीच का?" मी विचारलं.

"नाही कळत. टीव्हीवाल्यांनी वरचा भाग कापलाय."

मग तो तडक गॅरेजमध्ये जायचा आणि आत काम करत राहायचा. मी पडद्याच्या फटीतून बघायचो, दाराखालून उजेड दिसायचा. मी पुरं कर म्हटलं नव्हतं. नकोही म्हटलं नव्हतं.

मग तो लंडनला निघाला. तिकडं त्याच्या देशाचे लोक फलक घेऊन रस्त्यावर उभे राहत होते, त्यांच्यात उभं राहायला. गॅरेजची किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "गरमी आहे. कापड वाळू देऊ नको. सकाळ-संध्याकाळ पाणी मार. तडकलं तर गेलं."

नाही म्हणायला तोंड उघडलं तर तो निघालाही.

दुपारी उन्हात गेलो. कुलूप काढलं. आत गार, मातीचा वास, आमच्या गावच्या विहिरीत उतरल्यासारखा. समोर ते प्लॅस्टिक गुंडाळलेलं डोकं, नेमकं तिच्या उंचीवर. ती उभी असती तर तिथंच डोकं आलं असतं. मी तोंड फिरवून प्लॅस्टिक काढलं आणि पाण्याची बाटली हात लांब करून दाबली. दाबली, दाबली, आणि किती पाणी पडलं बघायला वळलो.

ओलं कापड चिकटतं. चादर चिकटत नाही इतकं चिकटतं. कापडाखालून कपाळ वर आलं, डोळ्यांचे खड्डे आले, ओठ आले. मी भिंतीला टेकलो. मला वाटलं आता ते कापड नाकापाशी हलेल, आत-बाहेर होईल. आणि तसंच बघता बघता माझ्या लक्षात आलं. नाक वर आलं होतं. चांगलं सरळ, धारदार नाक.

इतके दिवस मला भीती होती की त्या कापडाखाली ती आहे. आता दुसरीच भीती आली. ती तिथं नव्हतीच. मग ती कुठं होती? डोळे मिटले. तिचं नाक आणायला बघितलं. ते धारदार नाकच आलं.

मी कुलूप लावून घरी आलो आणि तिचा पासपोर्ट काढून नाकावर बोट ठेवून बसलो. तरी रोज दोनदा जाऊन पाणी मारत राहिलो. का मारलं ते मला सांगता येणार नाही.

तो परत आला. घोषणा देऊन आवाज बसला होता. मी गॅरेजच्या दारातच उभा होतो.

"कापड काढ," मी म्हटलं.

"तू बघत नाहीस ना?"

"काढ."

त्यानं कोपरा धरून सावकाश कापड सोललं. चेहरा वाईट नव्हता. देखणी, तरणी बाई होती. नाक सरळ, गाल आत गेलेले. मी तिला कधी बघितलं नव्हतं.

"ही कोण?" मी विचारलं.

"तुझी बायको."

"माझी बायको नकटी होती. नाक बघ."

त्यानं बघितलं. बराच वेळ बघितलं. मला वाटतं ते नाक त्याच्या मुलीचं आहे हे त्यालाही तेव्हाच दिसलं. हातातलं कापड ठिबकत होतं. म्हणाला, टीव्हीवर लढाई बघून यायचो आणि हात आपले आपण चालायचे, मी काय करतोय ते मला कळत नव्हतं. मग एकदम मान वर करून म्हणाला, "पण तीही माझी मुलगीच. मी नाही, तिनं सुरू केलं. पहिल्या दिवसापासून मला बाप म्हणायची."

"बाप? ती तुला कधी बाप म्हणाली?"

"रोज. मामा, मामा. आमच्या भाषेत मामा म्हणजे बाप."

मला थालीपीठ धरून रडणारा तो दिवस आठवला. मेलेल्या मुलीच्या बापाच्या दारात एक बाई येते, गरम खायला देते आणि त्याला बाप म्हणून हाक मारते. हे असं झालं होतं तर. तिला शेवटपर्यंत कळलं नाही. गप्प बसावं असं एकदा वाटलं. पण गप्प बसलो तर ते नाक तसंच चौकात जाणार होतं, आणि चौकातून माझ्या डोळ्यांत येणार होतं. मऊ बोलायला मला येत नाही.

"आमच्या भाषेत मामा म्हणजे बाप नव्हे," मी म्हटलं. "मामा म्हणजे आईचा भाऊ. आणि परक्यालाही म्हणतात. बस कंडक्टरलाही म्हणतात."

तो पालथ्या बादलीवर बसला.

"कंडक्टरला?"

"हो."

तो आपल्या हातांकडं बघत राहिला. मला भीती वाटली, हा आता उठून सगळंच मोडतो की काय. मग त्यानं विचारलं, "आईचा भाऊ तुमच्यात काय करतो?"

"मुलीच्या लग्नात तिला हाताला धरून मांडवात आणतो. लग्न लागेपर्यंत तिच्या पाठीशी उभा राहतो."

"मग?"

"मग बाजूला होतो."

त्यानं मान हलवली. उठला, खुंटीवरून तार काढली, दोन टोकांना लाकडी मुठी असलेली, आपल्याकडं साबण कापतात तशी. एका ओढीत ते नाक कापलं. थप् करून खाली पडलं. मी मागं सरलो. त्यानं ते उचललं, मळलं नाही, एका डब्यात ठेवून झाकण लावलं.

"मी बाजूला झालो," तो म्हणाला. "आता तू सांग."

मग मी रोज जाऊ लागलो. तो विचारायचा, मी सांगायचो. सांगता येत नाही तिथं तो माझा अंगठा धरून मातीवर ठेवायचा. पहिल्यांदा ठेवला तेव्हा मी हात ओढून घेतला. गार होतं. ती शेवटी गार होती तसंच. तो म्हणाला, "तुझ्या हाताला माहीत आहे, तोंडाला नाही." नाक माझ्या अंगठ्यानं बसवलं. गाल भरले. कानाची पाळी त्यानं धड केली होती, ती मी तोडायला लावली. तो म्हणाला, मला वाटलं माझीच चूक झाली मापात.

कपाळावर दोन भुवयांच्या मध्ये तिला गोंदण होतं आणि हनुवटीवर एक ठिपका. ते त्यानं केलंच नव्हतं, हिरवा रंग ब्राँझमध्ये येत नाही म्हणून. मी म्हटलं, "रंग नको. बारीक भोक पाड."

त्याचा हात थांबला. "चेहऱ्याला भोक मी पाडणार नाही."

तेव्हा मला कळलं की मी काय बोललो. त्याला म्हटलं, "तू बाहेर जा." तो गल्लीत जाऊन सिगारेट ओढत उभा राहिला. मी काडेपेटीतली काडी घेतली. डाव्या हातानं उजवं मनगट धरलं. एक कपाळावर, एक हनुवटीवर. काडी बाहेर काढली आणि ती समोर आली. खरी. घरातली. मी स्टुलावर बसलो, ती बसायची त्याच.

तो आत आला, बघितलं. मग म्हणाला, "आणखी काय राहिलं?"

एक राहिलं होतं. ती हसली की तिच्या चेहऱ्यावर एक गोष्ट व्हायची. लोकांपुढं तोंडावर पदर घ्यायची, त्यामुळं ती माझ्याशिवाय कुणी बघितली नाही, मुलानंही नाही. ती सांगितली असती तर त्यानं केली असती, आणि पुतळा अजून तिच्यासारखा झाला असता. माझ्या जिभेवर आलं होतं. मग तो टेकडीवरचा पुतळा आठवला.

"काही नाही," मी म्हटलं. "एवढंच."

त्यानं माझ्याकडं बघितलं. "थोडं ठेवलंस तू."

"हो."

"शहाणा आहेस. मी सगळं देऊन टाकलं होतं."

पुढं साचा, मेण, भट्टी, ते सगळं त्यानं दुसऱ्या गावाला जाऊन करून घेतलं. थंडीत पुतळा चौकात बसवला. कौन्सिलचे लोक आले, भाषण झालं, मुलगा आला. त्यानं पुतळ्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "बाबा, एकदम आईसारखी आहे." पुतळ्याला 'ती' म्हणाला, आणि मला त्याचं व्याकरण पहिल्यांदा बरोबर वाटलं. शिल्पकार गर्दीच्या मागं उभा होता. मी बोलावलं तर मान हलवली, पुढं आला नाही.

मी आठवड्यातून दोनदा तरी बसनं चौकात जातो. स्टॉपवर उतरलो की नको ते मनात येतं. कुणी डोकं कापून नेलं असेल, कुणी काही मारलं असेल. कोपऱ्यावरून वळेपर्यंत मी जमिनीकडं बघतो. एकदा तिच्या हातात कुणीतरी कागदी कप ठेवला होता, एकदा मांडीवर चिप्स सांडले होते. मी साफ केलं. शाळेची पोरं हनुवटीवरच्या ठिपक्यात बोट घालतात, तेवढाच भाग चकाकायला लागलाय. शेजारच्या मोकळ्या जागेवर मी बसत नाही. उभा राहतो, बघतो, घरी येतो.

सकाळी डोळे मिटले की आता आधी तीच येते, चौकातली. ब्राँझची, तोंड मिटलेली, पिशवी घेऊन. येणार हे मला ठाऊक होतंच. पहिल्या दिवशी मी घामानं भिजलो होतो. आता भीत भीत पण थांबतो, डोळे उघडत नाही. मग ती हसते, मी न सांगितलेली गोष्ट तिच्या चेहऱ्यावर होते, आणि ब्राँझ निघून जातं.

अजून होते. आज सकाळीही झाली. काय आहे ते डॉक्टरीणबाई विचारतील. इथंही लिहीत नाही.